कोसा उतरेपर्यंत

माझ्या तोंडाला अख्खी ढिवरटोली भ्यायची. फुशारकी म्हणून सांगत नाही, होतं ते सांगते. आमच्या जाळ्यावरून कोणी डोंगा नेला की मी गुडघाभर पाण्यात उभी राहून अशी सुरू व्हायचे, की पलीकडच्या काठावरच्या बायका धुणं थांबवून ऐकत बसायच्या. माझा नवरा इस्तारी म्हणजे गरीब गाय. त्याच्या वाटणीचंही मलाच बोलावं लागायचं.

पण वर्षातले पाच महिने माझ्या तोंडाला कुलूप असायचं, कारण आम्ही कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, करायचो.

मासे वर्षभराचे, कोसा पाऊसभराचा. रोहिणी लागल्या की बियाणासाठी राखलेले कोसे दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा करायच्या आणि छपराला टांगायच्या. मिरगात दिवस मावळता मावळता कोसा एका टोकाला ओला होतो आणि आतून पाखरू बाहेर येतं. मादी अंडी घालते, अंड्यांतून अळ्या निघतात, त्या जंगलात ऐनाच्या झाडांवर सोडायच्या आणि दिवाळीपर्यंत गलोल घेऊन पाखरा-मुंग्यांपासून राखत बसायच्या. माळ टांगल्यापासून शेवटचा कोसा झाडावरून उतरेपर्यंत नेम असतो. केसांना तेल नाही, भाजीत हळद नाही, फोडणी नाही, शिवी नाही, भांडण नाही. आणि ज्या छपराखाली माळ, त्या छपराखालच्या सगळ्यांना नेम. पाखरू म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असं माझी सासू सांगायची. तिच्या कानावर वाईट शब्द पडला की ती अंडी न घालताच मरते. खरंखोटं देव जाणे. मी कधी नेम मोडून पाहिला नाही.

चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्याआधीच्या भादव्यात वैनगंगेने आमची टोली नेली होती. घर गेलं, डोंगा गेला, पाच जाळ्यांतली चार गेली. जंगलात झाडांवर होता तो कोसा तेवढा वाचला. त्यातले चांगले, जड, हलवले की आत किडा खडखडतो असे कोसे मी बियाणाला ठेवले. त्यांच्या बारा माळा झाल्या. आमच्यापाशी जे काही उरलं होतं ते त्या बारा माळांत होतं. हे बियाणं फुटलं नाही तर इस्तारी माजरीला कोळशाच्या खाणीत जाणार होता. त्याचा मावसभाऊ तिथे होता, त्याने निरोप पाठवला होता. उघड्या पाण्यावर वाढलेला माणूस जमिनीच्या पोटात उतरणार, हे मला सोसणारं नव्हतं. तो खाणीत जाणार नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

राहायला आम्ही गावात भैयाजींचं अर्धं घर भाड्याने घेतलं होतं. अर्धं म्हणजे खरोखरच अर्धं. भैयाजी आणि त्यांचे चुलतभाऊ गुणवंतराव यांनी बापजाद्यांचं घर मधोमध कूड घालून, छपरासकट वाटून घेतलं होतं. कूड म्हणजे बांबूच्या पट्ट्या विणून त्यावर चिखलाचा लेप. पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे कळायचं. भैयाजी मुलाकडे ब्रह्मपुरीला राहायला गेले. त्यांचा अर्धा भाग आपल्याला भाताचं तणस ठेवायला मिळेल, अशी गुणवंतरावांची आशा होती. तिथे ढिवराचं बिऱ्हाड येऊन बसलं, ते त्यांच्या डोळ्यात सलत होतं.

हिवाळाभर त्यांनी आम्हाला छळून पाहिलं. कधी शेणाचा ढीग आमच्या दारात, कधी शेळ्या आमच्या चुलीपाशी, कधी त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या ओट्याखाली. पण तेव्हा माझं तोंड मोकळं होतं. मी एकदा अंगणात उभी राहिले की आठ दिवस सगळं स्वच्छ असायचं. गुणवंतरावांची बायको रुखमाबाई पदर कानावर ओढून आत निघून जायची. एकदा तर गुणवंतरावांनी स्वतः शेण उचललं. मला वाटलं, जमलं आपलं.

रोहिणीत मी माळा टांगल्या, डोकं नुसत्या पाण्याने धुतलं आणि नेम धरला. दुसऱ्या दिवशी शेळी आत आली. मी तिला काही न बोलता बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी पाणी आलं. मी काही न बोलता चर खणला. चौथ्या दिवशी गुणवंतराव ओसरीत तंबाखू चोळत माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्या संध्याकाळपासून धूर सुरू झाला. मच्छर वाढले की गोठ्याशी ओला पाला आणि शेण पेटवून ढोरांना धूर देतात, त्यात नवल काही नाही. पण गोठा त्यांच्या अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, आणि आगटी पेटली ती आमच्या कुडाला लागून. धूर पट्ट्यांतून सरळ आत, माळांच्या पोटात. धुराने किडा कोशातच गुदमरतो, आणि गुणवंतराव जन्मभर याच गावात राहिलेले, त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही.

मी पदर सावरून त्यांच्या अंगणाच्या कडेला उभी राहिले. "गुणवंतभाऊ, आगटी थोडी तिकडे सरकवा ना जी. आमच्या माळा आहेत."

"तुया नेम तुयापाशी, कुंता," ते म्हणाले. "मच्छरायनं ढोरायचं रगत पिऊन टाकलं. मायी ढोरं मरू देऊ का?"

माझ्या जिभेच्या टोकावर काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ते गिळलं. दात इतके आवळले की कान दुखले.

पहाटे उठून मी चार कोस चालत ब्रह्मपुरीला भैयाजींकडे गेले. घरमालक आहेत, चार शब्द सांगतील. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पोरी, मी घर सोडलो तो त्याच्याच पायी. मी त्याले काय सांगू? तू कायले भांडतं? दुसरी खोली पाह्य."

"मी नाई भांडून राह्यली, भैयाजी. भांडता येत असतं तं चार कोस कायले आली असती?"

ते यावर हसले. मला हसू आलं नाही. परत येताना रस्ताभर मी एकच विचार करत होते. नेमात भांडण बसत नाही. पण काम करायला कुठल्या नेमाने मना केलं आहे?

संध्याकाळी आगटी पेटली तशी मी सूप घेऊन गुणवंतरावांच्या अंगणात गेले, कुडाकडे पाठ करून बसले आणि धूर गोठ्याकडे पाखडायला लागले.

"हे काय करून राह्यली?" गुणवंतराव उठून उभे राहिले.

"धूर ढोरायसाठीच आहे ना, भाऊ? ढोरायले देऊन राह्यली."

धूर विझेपर्यंत मी बसले. डोळ्यांतून पाणी, हाताला गोळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि विचारू लागल्या, की गुणवंतरावांनी ढिवरीण कामाला ठेवली काय. चौथ्या दिवशी ढोरं स्वतःच आगटीपासून तोंड फिरवून उभी राहिली, कारण मी त्यांना धूर जरा जास्तच दिला होता. पाचव्या दिवशी आगटी गोठ्याजवळ गेली. मी सूप झटकून घरी आले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले. बिनहळदीचं वरण इतकं गोड मला कधी लागलं नाही.

ते सुख दोन दिवसांचं.

रुखमाबाईंची लेक आशा पोटुशी होती, सातव्या महिन्यात माहेरी आली होती. पहिल्या खेपेस तिचं पोट टिकलं नव्हतं, म्हणून रुखमाबाई जिवाला जपायची तशी तिला जपत होती. आता दिवस मावळला की ती लेकीची दृष्ट काढू लागली. मीठ, मोहरी आणि मूठभर मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. देठसुद्धा वेगळे साठवलेले असायचे, तेही वरून. आणि निखाऱ्यांची बोरशी ठेवायची कुठे, तर कुडाच्या खालच्या फटीशी. पोटुशीची दृष्ट काढू नका, असं कोण म्हणणार? सूप घेऊन तिथे बसायचीही सोय नव्हती. उलट माझीच दृष्ट लागते असं झालं असतं.

मिरचीचा ठसका आमच्या घरात भरून राहायचा. मी ओली गोणपाटं कुडाला लावली. इस्तारीचं एकुलतं जाळं भिजवून माळांभोवती गुंडाळलं. मिरग लागला, पहिली पाखरं निघाली, तर सातांपैकी पाचांचे पंख चुरगळलेले. मी कडेच्या दोन माळा उतरवून एकेक कोसा कानाशी धरून हलवला. एकही वाजला नाही. दोन माळा अख्ख्या मेल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसले आणि रडले. रडायला नेमात बंदी नाही.

इस्तारीने कोपऱ्यात धोतर-बंडीचं गाठोडं बांधायला घेतलं होतं. मला दिसू नये म्हणून त्यावर घोंगडं टाकलं होतं.

"सोड ते," मी म्हणाले.

"कुंते, राह्यल्या तेवढ्या बी जातीन. आता तूच सांग, दुसरं काय करू?"

"दहा माळा आहेत अजून. गाठोडं सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गर्दी होती. मी रुखमाबाईंना सगळ्यांसमोर हात जोडून म्हटलं, "बाई, बोरशी फक्त दुसऱ्या भिंतीशी ठेवा. दोन माळा मेल्या आमच्या."

रुखमाबाई एकटी असती तर कदाचित गप्प राहिली असती. पण सहा-सात बायका ऐकत होत्या. तिने घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "कोस्याची लक्ष्मी आमालेबी समजते, बाई. आमच्या ओसरीत माळा असत्या तं आमी नेम नसता का पाळला? पन तुया घरचा नेम आमी काऊन पाळावा?"

मी घागर खाली ठेवली.

"खरं म्हनता, रुखमाबाई? तुमच्या ओसरीत असत्या तं पाळला असता?"

"मंग? आमी का अधर्मी आहो?"

बायकांनी माना डोलावल्या. खरंच आहे, म्हणाल्या. मी घागर भरून घरी आले.

त्या दिवशी बाजार होता. गुणवंतराव दुपारी बाजाराला गेले ते मी दारातून पाहिलं. मग इस्तारीला म्हटलं, कावड काढ.

"कुठी नेतं माळा?"

"ओसरीत. गुणवंतभाऊच्या."

तो कावडीला हात लावेना. "लोकाच्या घरात?"

"रुखमाबाईनं विहिरीवर सांगतलं. सगळ्यायनं ऐकलं. धूर जिथी येत नाई अशी या घरात ती एकच जागा आहे. धुराकडचा वाराबी तिथी नाई."

खरी गोष्ट सांगायची तर मी आणखी एका कारणाने ती जागा धरली होती. आशा दिवसभर त्याच ओसरीत बसायची. पोटुशी लेकीसमोर अंडी घालणाऱ्या पाखराला कोणी आई हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या बाईच्या भीतीवर मी पाय ठेवून उभी राहत होते. त्याची मला तेव्हाही लाज वाटली आणि अजूनही थोडी वाटते. पण दोन मेलेल्या माळा माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि कोपऱ्यात ते गाठोडं.

ऊन कलताना आम्ही गेलो. ओसरीच्या आढ्याला भाताच्या लोंब्या टांगायच्या जुन्या खुंट्या होत्या. इस्तारी एकेक माळ वर देत होता, मी टांगत होते. सातवी टांगली तेव्हा रुखमाबाई आतून आली.

"अवं, हे काय लावलं?"

"तुमीच म्हनलं ना, बाई. ओसरीत असत्या तं पाळला असता. आणल्या."

ती भराभर पुढे आली आणि पहिल्या माळेला काढायला हात वर केला. मी तिला अडवलं नाही. मी आठवी माळ टांगत होते.

"आई," आशा म्हणाली. ती खांबाला टेकून पाय लांब करून बसली होती. "आई, हे पाह्य ना."

तिच्या डोक्यावरच्या माळेतला एक कोसा ओला झाला होता. त्यातून आधी दोन पाय आले, मग भिजलेलं, पिवळसर, जाडजूड अंग. मादी होती. ती कोशालाच धरून लोंबकळली. पंख आधी ओल्या चिंधीसारखे होते, ते हळूहळू खाली सुटत गेले, भरत गेले. चारही पंखांवर चार डोळे उमटले. एकही सुरकुती नव्हती. आशा एक हात पोटावर ठेवून बघत होती.

रुखमाबाईंचा हात खाली आला.

गुणवंतराव बाजारातून आले ते अंगणातूनच गरजले. "कोनं टांगलं हे? कोनाच्या बापाचं घर..."

"हळू बोला जी," रुखमाबाई म्हणाली. "घरात नेम लागला आहे."

"कसला नेम? काढून फेक ते सगळं."

"तुमीच काढा. आशीच्या डोळ्यांसमोर काढा."

गुणवंतरावांनी लेकीकडे पाहिलं. तिने वर बोट करून त्यांना पाखरू दाखवलं. मग त्यांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली, आणि आवाज न होऊ देता ठेवली.

त्यानंतर अकरा दिवस त्या घराने नेम पाळला, आणि रुखमाबाईंनी तो असा पाळला की मलाही शिकायला मिळालं. हळद फडताळावर गेली. फोडणी बंद. बोरशी तर विझलीच. दृष्ट नुसत्या मिठाने निघू लागली. आगटी पेटेना, म्हणून ढोरं मागच्या मोहाखाली बांधली गेली आणि तिथे वाऱ्याला मच्छरही कमी होते, हे गुणवंतरावांच्या इतक्या वर्षांत प्रथमच लक्षात आलं. ते स्वतः मात्र ओसरीत मांड्यांवर चापट्या मारत बसायचे. एकदा जोरात चापटी बसली तर रुखमाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचा मच्छर त्यांनी हाताने हळूच उडवला. बिनहळदीच्या भाजीवर ते एकदा काही बोलायला गेले. रुखमाबाई म्हणाली, "मी विहिरीवर शब्द देऊन बसली. आता खावा."

मी रोज संध्याकाळी जायचे, माद्या अलगद उचलून मडक्यांत ठेवायचे, वर पानं झाकायचे. नंतर नंतर पानं आशाच झाकू लागली. दहा माळांतले चार-दोन कोसे सोडले तर सगळे फुटले. अंड्यांतून अळ्या निघाल्या त्या सकाळी पानांच्या द्रोणांत घालून आम्ही जंगलात नेल्या. निघताना आशा दारात उभी होती. ती म्हणाली, "सांभाळून न्या, बाई." जणू आम्ही तिचीच लेकरं घेऊन चाललो होतो.

पाऊसभर आम्ही ऐनाखाली मांडव घालून राखण केली. श्रावणात आशाला मुलगी झाल्याचं कळलं. इस्तारीचं गाठोडं मी स्वतः सोडलं आणि त्यातलं धोतर त्याला जंगलात नेसायला दिलं. दिवाळीच्या तोंडावर शेवटचा कोसा उतरला. इतका कोसा आमच्या हाताला कधी लागला नव्हता. त्यातून नवा डोंगा होणार होता, जाळी होणार होती, आणि पुढच्या बियाणाला काढून ठेवलेले कोसे वेगळे.

घरी आल्यावर मी डोक्याला पळीभर तेल घातलं, हळदीची भाजी खाल्ली, पान खाल्लं आणि अंगणात जाऊन उभी राहिले. गल्लीला ठाऊक होतं. बायका आधीच जमल्या होत्या. गुणवंतराव ओसरीत बसले होते. ते उठून आत गेले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे.

आणि मी सुरू झाले. पाच महिन्यांचं साठलेलं होतं. शेणापासून धरलं, शेळ्यांवर आले, मोरीच्या पाण्यावरून धुरावर गेले. ते हसणं, ती तंबाखू, माझे सुजलेले डोळे, चार कोस चालून फुटलेले तळवे, सगळं एकेक करून त्यांच्या पुढ्यात मांडलं. गुणवंतराव खाली मान घालून ऐकत होते. बोलता बोलता मी श्वास घ्यायला थांबले, तर दारातून, नात कडेवर घेऊन उभी असलेली रुखमाबाई हळूच म्हणाली, "मिरचीच्या देठाचं राह्यलं."

मग मी तेही बोलून टाकलं. दोन मेलेल्या माळांवर आले तेव्हा रुखमाबाईंनी नातीचं तोंड आपल्या खांद्याशी घेतलं.

सगळं संपल्यावर गुणवंतरावांनी मान वर केली.

"झालं?"

"झालं."

"पुढच्या साली कुठी टांगशीन?"

मी त्यांच्या आढ्याकडे पाहिलं.

"इथीच. खुंट्या वाढवून ठेवा, भाऊ. वीस माळा आहेत."